डबल बेल

दरोडेखोर बसमध्ये घुसले, मागून पोलिसांचे भोंगे सुरू झाले, आणि बाबांनी आधी आरसा शोधला.

“यात आरशाचं बटण कुठलं?”

मोठ्या पडद्यासमोर जमलेलं अख्खं ऑफिस खो खो हसलं. लेक हसली नाही. बाबांना एक शब्दही सुचवायची तिला परवानगी नव्हती.

ऑफिस व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचं होतं आणि हा गेम चोरांचा होता. एक मोकळं शहर. त्यात गाड्या पळवा, बँका लुटा, आडवं येईल त्याला उडवा. त्या शहरातले रस्ते, सिग्नल आणि फूटपाथवरची माणसं हे लेकीचं काम. एका बसथांब्यावर तिनं सहा महिने खपून एक गोष्ट लपवून ठेवली होती. तीनशे जणांनी गेम खेळून पाहिला. तीनशेच्या तीनशे जणांनी पळवलेली बस त्या थांब्यावरून, रांगेतल्या माणसांना चिरडत, भरधाव नेली. आणि ऑफिसचा नियम असा, की कुणालाच जे आपणहून सापडत नाही ते काढून टाकायचं. आज चार वाजता साहेब तो थांबा काढणार होते. साडेतीन झाले होते. घरच्यांना ऑफिस दाखवायचा आज दिवस होता, म्हणून साहेबांनी गंमत म्हणून बाबांच्या हातात कंट्रोलर दिला होता.

बाबांनी तो नाक मुरडूनच घेतला. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, पण गाडीला कधी ओरखडा नाही. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर घरच्या गाडीलाही त्यांनी तो लावला. आईनं दारावर दोनदा टकटक केल्याशिवाय ते गिअर टाकत नसत. लेक काय करते असं कुणी विचारलं, की “कॉम्प्युटरमध्ये आहे” एवढं सांगून विषय बदलत. घरात मात्र तोंडाचा पट्टा सुटे. “एवढी शिकली, आणि चोरांना रस्ते बांधून देते!”

आई त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. लग्नसुद्धा त्या बसमध्येच जमलेलं. आत्ता ती मागच्या सोफ्यावर, चष्मा कपाळावर चढवून, छताकडे बघत बसली होती.

पडद्यावर सिग्नल लाल झाला. बाबा थांबले.

“काका, अहो, तुम्ही चोर आहात!” साहेब ओरडले.

“चोर मागं बसलेत,” बाबा म्हणाले. “मी ड्रायव्हर आहे.”

पुन्हा हशा पिकला. बाबांनी हिरवा दिवा लागल्यावरच बस काढली, एका म्हातारीला रस्ता ओलांडू दिला आणि वळणाआधी इंडिकेटर दिला. मागून दरोडेखोर शिव्या घालत होते. जित्याची खोड, असं कुणीतरी पुटपुटलं. लेकीचा जीव टांगणीला लागला. थांबा वळणाच्या पलीकडेच होता.

रांगेत आठ माणसं उभी होती. बाबांनी वेग कमी केला, बस थांब्याला अगदी चिकटून लावली आणि दारं उघडली. तीनशे खेळांत पहिल्यांदाच ती माणसं रस्त्यावर न पडता बसमध्ये चढली. पण हे अर्धंच झालं होतं. आता घाईनं बस हलवली असती तर बाकीचं तसंच लपून राहिलं असतं. लेकीनं ओठ दाताखाली धरला.

भोंगे जवळ आले. “पळा, काका, पळा!” सगळे ओरडू लागले. साहेब मात्र पडद्याजवळ सरकले होते.

बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “कसा पळू? डबल बेल कुठं झालीय?”

“पळवलेल्या बसमध्ये कंडक्टर कुठून येणार?” एका पोरीनं हसत विचारलं.

पोलिसांच्या चार गाड्या वळणावरून आल्या. त्या पळणारी बस शोधत होत्या. थांब्यावर शिस्तीत उभ्या असलेल्या बसकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही आणि तशाच पुढे निघून गेल्या. कुणालाही न मारता यातून सुटता येतं, हे इतक्या दिवसांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा तरीही हलले नाहीत.

तेव्हा मागच्या सीटखालून कुणीतरी उठलं. गणवेशातली एक ठेंगणी कंडक्टरबाई, चष्मा कपाळावर. दरोडेखोरांना हातानंच बाजूला सारत ती पुढे आली आणि तिनं दोरी ओढली. एक बेल लांब, दुसरी अर्ध्यात तोडलेली.

बाबांनी ती बेल ओळखली. डेपोत शंभर कंडक्टर होते, पण अशी बेल एकच हात द्यायचा. ते सोफ्याकडे वळले.

“जुन्या डेपोत जाऊन मीच रेकॉर्ड करून दिली,” आई अजूनही छताकडे बघत म्हणाली. “तुम्हाला सांगायचं नाही, असं हिनं बजावलं होतं.”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. ते उगाचच खाकरले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चार वाजायची वाटही न बघता सांगून टाकलं, “थांबा राहतोय.”

बाबांनी कंट्रोलर उचलला आणि बस हळूच रस्त्यावर काढली. “नीट बसा रे, चोरांनो,” ते अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, “रस्ता माझ्या लेकीनं बांधलाय!”