खालची पट्टी

मखमलाबादमध्ये केबल आता एकट्या साळूबाईंकडेच उरली होती. बाकी सगळ्यांनी वायफाय घेतलं होतं. सुदाम केबलवाला बॉक्स काढून न्यायला आला, तेव्हा त्या टीव्हीसमोरच बसल्या होत्या.

"मावशी, नातवानं मोबाईलवर सगळं लावून दिलंय ना तुम्हाला? मी बंद करतोय आता. नाय जमत."

"मोबाईलवर तुझी पट्टी येती का?"

सुदामच्या लोकल चॅनेलवर सिनेमाच्या खाली एक पट्टी सरकायची. गावात कोण वारलं, दशक्रिया कधी, कुठं. पंचवीस वर्षं रोज सकाळी तो ती स्वतः टाईप करत आला होता. ती वाचूनच साळूबाई लोकांच्या दारावर सांत्वनाला जायच्या.

"नाय येत," सुदाम उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "पण मावशी, ती वाचणाऱ्या आता तुम्ही एकट्याच. लावू तरी कुणासाठी?"

साळूबाईंनी सरकत्या अक्षरांकडे बोट केलं.

"मग बॉक्स न्यायच्या आधी माझी लावून टाक," त्या म्हणाल्या. "मी तरी वाचून जाते."