चमचाभर कोळसा

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सासरे घरी येण्याआधी त्यांची समुद्री माशांची, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी लख्ख करायचीच, असं सुनेनं मनावर घेतलं. पाण्याला पिवळट झाक आली होती. पाणी नितळ करायला सासरे फिल्टरमध्ये चमचाभरच कोळसा घालायचे. तिनं अख्खी पिशवी रिकामी केली. दुसऱ्याच दिवशी पाणी काचेसारखं नितळ झालं. आणि सासरे आले तोवर सासूबाईंनी टाकीत हौसेनं वाढवलेलं जांभळं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, पांढरंफटक पडलं होतं.

वॉकर धरून ते टाकीसमोर उभे राहिले. "तो पिवळेपणा म्हणजे त्याची सावली होती गं. एकदम दिव्याचा एवढा उजेड सोसला नाही त्याला."

"बाबा, मला वाटलं, स्वच्छ पाणी चांगलंच..."

"असू दे."

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. सासऱ्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"बाबा, आईचं कोरल कसंय?"

"गेलं गं. दवाखान्यात जायच्या आधी माझ्याच हातून कोळसा जास्त पडला. म्हातारपण, दुसरं काय!"

"आईची एवढी एक आठवण सांभाळता आली नाही तुम्हाला?"

सासरे मान खाली घालून ऐकत राहिले. सुनेनं फोन मागायला हात पुढे केला, मग मागे घेतला आणि त्याच हातानं ती टाकीची स्वच्छ काच पुसत बसली.