दुसऱ्या टोकाला कोण

सार्जंटबाईंनी आठ कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि फळ्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"समजा, तुम्ही चौकीवर एकटे अडकलात. तारेच्या दुसऱ्या टोकाला या वर्गातलं कोण असावं? त्याचा हजेरीचा नंबर लिहा. स्वतःचा लिहिलात तर चिठ्ठी बाद. आणि कुजबुज बंद. वर्गात बसलाय, लग्नाला नाही आलात."

आठही जण सुटीपुरते सैनिक. आठवडाभर कोणी बेकरीत, कोणी बँकेत. शनिवार-रविवार या बरॅकीत येऊन लष्कराचं नेटवर्क उभं करायला शिकायचे. तार ओढा, पेटी जोडा, बिघाड शोधा. आता ते संपलं होतं. पुढच्या मोठ्या कोर्सला एकच जागा होती आणि त्यानंतर पक्की नोकरी. परीक्षेत दोघींना सारखेच गुण पडले होते, म्हणून या चिठ्ठ्या.

दोघी एकाच घरातल्या. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ.

थोरलीने अकरा वर्षं लोकांच्या ऑफिसांत शिडीवर चढून तारा ओढल्या होत्या, छतातली धूळ खाल्ली होती. धाकटी दाताच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. "ताई, तुम्ही जाताय तर मीही येते, रविवारी घरात बसून काय करू," म्हणत मागे मागे आली, आणि आली ती वर्गाची लाडकीच होऊन बसली.

सकाळचंच घ्या. सार्जंटबाईंनी लाइनमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. थोरली आपल्या पाळीला सवयीने थेट पेटीशी गेली, झाकण उघडलं, दिवे तपासले, वेळ घालवला. धाकटीने आपल्या पाळीला पेटीला हातसुद्धा लावला नाही. तार बोटांतून सोडत शांतपणे चालत गेली आणि तंबूच्या खुंटीखाली चिरडलेली जागा दाखवली. थोरलीने पुढे जोड मारण्यात गुण भरून काढले, पण टाळ्या पडल्या त्या धाकटीला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिकवलं हिला! ओट्याशी उभं राहून आठ रंगांच्या तारांचा क्रम मी घोकून घेतला, आणि ही माझ्याच डोक्यावर मिरे वाटते?

तिने पेन कागदावर टेकलं. खरं उत्तर तिला ठाऊक होतं. चौकीवर अडकले तर दुसऱ्या टोकाला हीच हवी. न घाबरता, न चिडता तार धरून चालत येणारी. धाकटीचा नंबर तीन.

तिने सात लिहिलं.

सात म्हणजे बेकरीवाला. देवमाणूस, पण बोटं अशी जाड की दोन महिन्यांत त्याचा एक जोड धड बसला असेल तर शपथ.

सार्जंटबाईंनी चिठ्ठ्या उलगडल्या. थोरलीला चार. धाकटीला तीन. शेवटच्या चिठ्ठीवर त्यांच्या भुवया वर गेल्या. "एक मत सात नंबरला."

वर्ग खो खो हसला. बेकरीवाला ताडकन उभा राहिला. "मला? अहो, बायको मला घरचा बल्बसुद्धा बदलू देत नाही!"

जागा थोरलीची झाली. एका मताने. ते मत धाकटीला दिलं असतं तर चार-चार झाली असती, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

धाकटीने धावत येऊन तिला मिठी मारली. "ताई, जिंकलात! मी तुमचाच नंबर लिहिला. तिकडे तुम्ही असलात की मला कसलीच भीती नाही."

"बरं, बरं," थोरली म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, पण छातीत अजूनही जळतच होतं. हा मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा?

तेवढ्यात बेकरीवाला चिठ्ठी नाचवत आला. "बाईंकडून मागून घेतली. फ्रेम करून दुकानात लावणार! लिहिणारा सापडू दे, जन्मभर केक फुकट. बघा ना, ओळखता का अक्षर? सातच्या पोटात आडवी रेघ मारलीय."

इंग्रजी सात एकासारखा वाचला जाऊ नये म्हणून तारांच्या लेबलांवर थोरली अशी रेघ मारायची. हाताला वळणच पडलं होतं. घरातल्या विजेच्या बोर्डावर तीच रेघ, धाकटीच्या लेकीच्या वह्यांवर तीच.

धाकटीने चिठ्ठी हातात घेतली. जरा जास्तच वेळ पाहिली. थोरलीकडे मात्र तिने मान वळवली नाही.

"नाही हो," चिठ्ठीची नीट घडी करून परत देत ती म्हणाली. "आमच्या घरातलं नाही हे अक्षर."