तीन मडकी

रिवाजाप्रमाणे मांडवातल्या सगळ्यांनी डोळ्यांतली भिंगं काढून पाण्याच्या वाट्यांत ठेवली.

"चल पोरी," कौशल्याबाई नव्या सुनेला, चित्ररेखाला म्हणाल्या. "कटला, रोहू, मृगळ वेगवेगळ्या मडक्यांत टाक आणि मगच उंबरठा ओलांड."

"चुकलीस तर तलावातच नांदायचं, वहिनी!" नणंद हसली.

घमेल्यात बोटुकल्या वळवळत होत्या, बोटाएवढी माशांची पिल्लं. एरवी भिंग प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर त्याच्या जातीचं नाव दाखवायचं. चित्ररेखाने पटापट पिल्लं उचलली आणि तीन मडक्यांत सोडली.

निवाडा सासूचा. कौशल्याबाई वाकल्या. तिन्ही मडक्यांत त्यांना सारखीच करडी पिल्लं दिसली. त्यांच्या सासूने त्यांना शेपटीजवळचा ठिपका बघायला शिकवलं होतं, पण भिंगं आल्यापासून त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता. ठिपका रोहूचा की मृगळाचा? सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. पाया पडताना चित्ररेखा पुटपुटली, "आई, मला काही ओळखू येत नव्हतं. मी अंदाजानेच टाकली. तुम्ही चारचौघांत सांभाळून घेतलंत." तिचे डोळे भरले होते. "उद्यापासून मला शिकवाल ना?"

कौशल्याबाईंनी वाटीतलं भिंग डोळ्यात घातलं. तिन्ही मडक्यांत तिन्ही नावं एकमेकांत मिसळून पोहत होती.

"शिकवीन की," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या डोक्यावरचा हात त्यांनी हळूच मागे घेतला.