नुसतं बघून

हिलालशी झालेलं हे बोलणं चेतन लिहून ठेवणारच नव्हता. पट्टी-केंद्रातल्या नोकरीत मित्राचं काही लिहायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. चोपडा तालुक्यात आता प्रत्येकाच्या दंडावर पट्टी आहे. खाणं, झोप, श्वास, हातांची हालचाल, सगळं ती टिपते आणि केंद्रातल्या पडद्यावर दाखवते. एवढं आयतं दिसतंय म्हटल्यावर सरकारनं माणसांवरच्या प्रयोगांवर बंदीच घातली.

हिलालच्या हातांचा कंप गेल्या वर्षी थांबला. आता त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचे, जुईचे हात थरथरायला लागलेत.

"चेत्या, मी कशानं बरा झालो? काढ्यानंच ना?"

"काढा सुरू केलास, त्याच महिन्यात तंबाखू सोडलीस, केळीवरच्या फवारणीचं कामही सोडलंस. कशानं झालं, कसं सांगू?"

"लाखो माणसं बघतोस ना भो?"

"सगळे तुझ्यासारखेच. घाबरले की सगळं एकदम बदलतात."

काढा जहाल होता. लहान पोरांच्या किडन्या त्यानं जायच्या. उगाच द्यायचा कसा? आणि गुण येणार असेल, तर न देऊन चालेल कसं?

"मग आजपासून मी काढा बंद करतो," हिलाल म्हणाला. "बाकी काही बदलत नाही. हात पुन्हा हलले, तर काढ्याचाच गुण. मग जुईला देऊ."

"येड्या, हा प्रयोग झाला! आणि परत आलेला कंप कुणाचाच गेलेला नाही. रोज बघतो मी."

"म्हणूनच तुला सांगतोय. पट्टीवर तुला आधी दिसेल. मला थांबवायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही. घे शपथ."

चेतननं पडद्याकडे बघितलं. हिलालचे हात अगदी स्थिर होते.

"जुईची शपथ," तो म्हणाला. "दिसेल तेच सांगेन."