रोज थोडंसं तेल

स्टोअरकीपरनं होल्स्टर उलटं धरलं आणि आतलं रिकामं रिव्हॉल्व्हर सरळ टेबलावर येऊन आदळलं. त्यानं ते उचलून पुन्हा आत सरकवलं, वरची पट्टी तशीच मोकळी ठेवली आणि पुन्हा उलटं केलं. पुन्हा तेच.

"काका, हे काय?"

टेबलापुढे उभा असलेला बँकेचा म्हातारा गार्ड वाकून बघायला लागला, जणू रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच कुणाचं आहे. एजन्सीच्या या खोलीत वर्षातून एकदा सगळ्या गार्डांच्या सामानाची तपासणी व्हायची. दरवर्षी स्टोअरकीपर याचंच होल्स्टर उंच धरून बाकीच्यांना सुनवायचा, बघा, शिका जरा. आजही म्हातारा त्याच तयारीनं आला होता. दाढी गुळगुळीत, पट्टा काळाभोर, बक्कल लखलखीत. कौतुक ऐकायला कान टवकारूनच उभा होता म्हणा ना.

स्टोअरकीपरनं होल्स्टर बोटांनी दाबून पाहिलं. ते जुन्या मोज्यासारखं दबलं आणि त्याची बोटं तेलकट झाली.

"किती तेल पाजलंत हो याला?"

"रोज थोडंसं."

"रोज? अहो, वर्षातून दोनदा लावायचं असतं. कातडं आहे ते, तान्हं बाळ नाही रोज मालीश करायला! पार मेणाहून मऊ झालंय. हत्यार धरून कसं ठेवणार? अति तिथे माती, काका."

रांगेतल्या मागच्या गार्डाला सगळे पैलवान म्हणत, कारण तो फुंकर मारली तर उडाला असता. त्यानं मान लांब केली. "काका, तळून काढलंत की काय?"

रांग खो खो हसली. म्हाताराही हसला. न हसणं बरं दिसलं नसतं.

वर्षातून दोनदा पुरतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण ड्यूटी संध्याकाळी सुटायची. बायको सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून मुलाकडे गेली होती, दोन महिन्यांत येते म्हणाली होती, आणि ते बाळ आता शाळेत जायला लागलं होतं. ड्यूटीवरून आलं की घर खायला उठायचं. रिव्हॉल्व्हर बँकेच्या कपाटात राहायचं, पण पट्टा आणि होल्स्टर त्याच्याबरोबर घरी यायचे. मग तो जमिनीवर पेपर पसरायचा. जुन्या टूथब्रशनं शिवणीतली धूळ काढायचा, ओलं फडकं फिरवायचा, मग कोरडं, आणि शेवटी बोटभर तेल घेऊन ते जिरवत बसायचा. चोळता चोळता कातडं हाताखाली कोमट व्हायचं, जिवंत असल्यासारखं. तेवढ्यात जेवायची वेळ व्हायची.

स्टोअरकीपरनं खोक्यातून नवा पट्टा आणि होल्स्टर काढून टेबलावर टाकलं. सगळं नायलॉनचं.

"घ्या. याची काही कटकट नाही."

म्हाताऱ्यानं ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "याला काय लावायचं?"

"काही नाही. मळलं तर ओलं फडकं मारा, झालं."

"आणि शिवणीला?"

"काही नाही."

"बक्कल तरी?"

"प्लॅस्टिकचं आहे."

म्हातारा टेबलावर थोडा पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, चामड्याचं एखादं जुनंपानं पडलं असेल ना मागे? फाटकं असलं तरी चालेल. मी करून घेईन नीट."

"आता सगळ्यांना हेच, काका. चामड्याचं बंद झालं. आणि तुम्हाला तर सुखच आहे की. घरी जाऊन मस्त आराम करा."

"आराम फार होतो, साहेब."

स्टोअरकीपरनं जुना पट्टा आणि होल्स्टर आपल्याकडे ओढलं.

"मग हे जुनं तरी घरी नेऊ का?"

"जमा करावं लागतं." त्यानं पट्टा आणि होल्स्टर गुंडाळून पायापाशी ठेवलेल्या पोत्यात टाकलं. पोतं अर्धं भरलं होतं. तरीही सगळ्यात वर पडलेलं त्याचं कातडं वेगळं चमकत होतं, आणि ते बघून म्हाताऱ्याला भडभडून आलं. आपण वेडेपणा केला हे त्याला कळत होतं. पण आज संध्याकाळी हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"चला काका, सरका," मागून पैलवान म्हणाला.

म्हातारा सरकला नाही. पुढचं खोकं काढायला स्टोअरकीपर उठला, तेव्हा म्हाताऱ्याची नजर त्याच्या कमरेवर गेली.

"साहेब, तुमचा पट्टा कोरडा पडलाय."

"काय?"

"भोकापाशी तडा गेलाय बघा. काढून द्या. नीट करून आणतो."

"आणि पँट काय हातानं धरून फिरू?"

रांग पुन्हा हसली. या वेळी म्हातारा हसला नाही.

"आज नको, उद्या द्या. घरी दुसरा असेल ना? मी येईन घ्यायला. मला काही लांब नाही."

"नको हो काका. तुमच्या हाती दिला तर त्याचंही तेच व्हायचं." स्टोअरकीपरनं पोत्याकडे बोट दाखवलं, पण त्याचा आवाज आता जरा उतरला होता.

म्हाताऱ्यानं नवं होल्स्टर काखेत मारलं आणि दोन्ही हात टेबलावरून पुढे केले.

"तेल नाही लावणार, साहेब. तुमची शपथ. नुसता पुसेन. रोज नुसता पुसेन."