बारा नंबरची हाक

मनगटावरची पट्टी थरथरली आणि राघो तीन नंबरच्या लूमकडे गेला. ताणा नीट पाहिला. एकही तार तुटलेली नव्हती. तेवढ्यात पट्टी पुन्हा थरथरली. तिच्यावर आकडा होता सात. तिथंही सगळं ठाकठीक. मग एक, मग पाच, मग परत तीन. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायात चप्पल नाही, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या त्या लूम कारखान्यात शिवणापाणी खेळल्यासारखा धावत होता.

दाराशी सुताच्या खोक्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली त्याची मुलगी हर्षदा घामाघूम झाली होती. मालकीण चंचलबेन घड्याळ पाहत होती.

चंचलबेन काही वाईट बाई नव्हती. लूमच्या खडखडाटानं राघोचे कान कधीच गेले होते. पूर्वी बायकोनं, सरलाबाईनं, जेवायला हाक मारली की “उनू, उनू”, म्हणजे आलो, आलो, करत तो पाटावर हजर व्हायचा. आता तिला खांद्याला हात लावून उठवावं लागे. मागच्या महिन्यात बारा नंबरवर तार तुटली, अर्धा तास खराब कापड निघालं, आणि त्याला कळलंच नाही. तेव्हा चंचलबेन म्हणाली होती, “राघोभाई, गेट पर बैठो. खुर्ची, पंखा, पगार उतनाज.” मायेनंच म्हणाली. पण एकतीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला गेटवरची खुर्ची गोड कशी लागावी? दोन दिवस तो धड जेवला नाही. शेवटी हर्षदानं एका दुपारची मुदत मागून घेतली.

तिची युक्ती तशी सरळ होती. तार तुटली की लूमवरचा सेन्सर निरोप पाठवतो. बाराही लूमचे निरोप एकाच प्रवाहात ओळीनं येत राहतात. पलीकडे एक छोटं फंक्शन असतं, एरवी झोपलेलं. निरोप आला की त्यानं उठायचं, पट्टी थरथरवायची आणि पुन्हा झोपायचं. या दोघांना जोडून देतो तो कनेक्टर. आणि माशी शिंकली होती ती तिथंच. कुठून वाचायला लागायचं, या ओळीत तिनं ‘आत्तापासून’ऐवजी ‘सुरुवातीपासून’ ठेवलं होतं. सेन्सर तर आठवड्यापूर्वीच बसवलेले. म्हणजे बाप मागच्या आठवड्यात तुटलेल्या तारांमागे धावत होता.

हर्षदानं कपाळावर हात मारला, ओळ बदलली आणि चंचलबेनला खूण केली.

चंचलबेननं पाच नंबरवर जाऊन कात्रीनं एक तार कापली. राघो पाठमोरा होता. त्यानं मनगट वर करून पट्टी पाहिली, मालकिणीला दिसेल अशी दोनदा पाहिली, आणि थेट पाच नंबरवर जाऊन गाठ मारली.

“पास!” चंचलबेन हर्षदाच्या कानाशी ओरडली. “थई गयुं! राघोभाई अहींज रहेशे.”

बाप लूमवरच राहणार! हर्षदा हसली, आणि पडद्याकडे पाहून तिचं हसू मावळलं. तार तुटली चार वाजून बारा मिनिटं सहा सेकंदांनी. पट्टीला निरोप पोचला त्यानंतर तीस सेकंदांनी. फंक्शनला सारखं उठवायला नको, अर्ध्या मिनिटाचे निरोप एकदम द्यावेत, असं तिनंच कनेक्टरला सांगून ठेवलं होतं. आणि सेन्सरच्या नोंदीत बापाची गाठ तर तार तुटल्यापासून पंधराव्या सेकंदालाच बसली होती.

तिनं त्याला दाराबाहेर बोलावलं. ओठ वाचता यावेत म्हणून समोर उभी राहिली.

“आबा, पट्टी वाजेलच नव्हती. तुमले कसं समजनं?”

राघोनं खाली पाहिलं. “पायले समजस. जमीन सांगस.” मग जरा ओशाळून म्हणाला, “फक्त त्या नवा चार लूम, नऊ ते बारा, रबरवर शेतस. तठे पाय मुका.”

“आणि मघाशी? सगळ्या तारा तर नीट होत्या.”

“त्या ते मी मागला आठवडामाच जोडेल व्हतात.”

“मंग कसाले पळनात?”

“तू बलाये, बेटा,” राघो मनगटावरची पट्टी दाखवत म्हणाला. “मी नही येवाव का?”

हर्षदानं डोळे पुसले, आत आली, त्या तिसाच्या जागी शून्य लिहिलं आणि चंचलबेनजवळ गेली. आणखी एकदा, म्हणाली. बारा नंबरवर.

“अरे, पास तो थई गयुं!”

“ना बेन. ते माझं नव्हतं, आबांचं होतं. माझं आता बघा.”

चंचलबेन तिच्याकडे बघतच राहिली. पोरगी हातची जिंकलेली बाजी उधळायला निघाली होती. मग ती कात्री घेऊन निघाली, मुद्दाम लांबच्या वाटेनं, अगदी टोकाच्या लूमपर्यंत.

राघो दोन नंबरवर वाकला होता. त्याला काही माहीत नव्हतं. जमीन काही सांगत नव्हती. हर्षदानं श्वास धरून ठेवला.

राघो दचकला.

त्यानं मनगटाकडे पाहिलं, या वेळी एकदाच, आणि बारा नंबरकडे धावत सुटला. खडखडाटात त्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. पण डबा घेऊन येता-जाता इथले ओठ वाचायला हर्षदा लहानपणीच शिकली होती.

“उनू,” बाप पट्टीला सांगत होता, “उनू, उनू.”